सांगून उडवलेला बार

मित्रांनो, मी एक जुनी दिसणारी बंदूक आहे. जुनी नव्हे, जुनी दिसणारी. दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईत डेन्मार्कच्या शिपायांकडे ज्या ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांची मी हुबेहूब नक्कल. माझा जन्म इटलीतल्या एका डोंगराळ गावातल्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी नळी कोरली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासून गुळगुळीत केला, घोडा आणि चाप बसवला. मग त्या नव्याकोऱ्या लाकडाला काळपट तेल चोळून मला पहिल्याच दिवशी म्हातारी करून टाकलं. बालपण म्हणतात ते मी पाहिलेलं नाही.

माझ्यासारख्या बंदुका हौशी लोकांसाठी बनतात. कुणी त्या भिंतीवर लावतं, कुणी त्या घेऊन जुन्या लढाया पुन्हा लढून दाखवतं. कागदाच्या पुडीतली दारू नळीत ओतायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, नळी लोकांच्या डोक्यावरून वर धरायची आणि चाप ओढायचा. ज्वाळा निघते, धूर निघतो, छातीत धडकी भरेल असा बार होतो. पुढे मात्र काहीच जात नाही. मी आयुष्यात गोळी पाहिलेली नाही.

मला विकत घेतलं प्रेबेनने. तो डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला, जटलंडमधल्या एका गावात पाण्याचे पाइप बसवायचं काम करायचा. त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून कागद सोडला, तेव्हा त्याची बायको गुड्रून कॉफीची किटली उचलत म्हणाली, "ही इथे जेवायला बसणार असेल, तर मी उठते." पण त्याचा शिपायाचा निळा कोट तिनेच शिवला. बटणंसुद्धा जुन्या चित्रात बघून शोधून आणली.

दर वर्षी एप्रिलमध्ये आम्ही ड्युबेलच्या टेकडीवर, जिथे ती जुनी लढाई झाली तिथे जायचो. तिथे आमची डॅनिश तुकडी प्रशियाच्या, म्हणजे जर्मन फौजेशी लढायची आणि हरायची. खरी लढाई हरलेली, म्हणून खेळातही हरायचं. घरी आल्यावर गुड्रून विचारायची, "काय, या वर्षी तरी जिंकलात का?" प्रेबेन मान हलवायचा. "मग एवढा सराव कशाला करता?" ती म्हणायची, आणि तो माझ्या नळीत उकळतं पाणी ओतून काजळी धुता धुता हसत बसायचा. ते दिवस माझे सगळ्यात चांगले. मला रोज तेल लागायचं, आणि माझ्याकडे बघून माणसं हसायची.

आमचा शत्रू होता डेटलेफ. सरहद्दीपलीकडे जर्मनीत, फ्लेन्सबुर्गला तो शाळेची बस चालवायचा. टेकडीवर तो प्रशियाचा शिपाई असायचा आणि माझ्या बाराने न चुकता मरायचा. मरायला त्याला कोरडी जागा लागायची. एकदा पावसाने सगळा चिखल झाला होता, तेव्हा तो धावत येता येता दबक्या आवाजात म्हणाला, "प्रेबेन, अरे जरा डावीकडे सरक. इथे मेलो तर बायको घरात घेणार नाही." प्रेबेन सरकला, मी बार काढला आणि डेटलेफ गवतावर छान आडवा झाला. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसून सॉसेज खायचे.

मग गुड्रून गेली. आजार लहानसा वाटला होता, पण तिला घेऊनच गेला. घरात आम्ही दोघंच उरलो. प्रेबेन मला पुसताना दिवसभरातलं काहीबाही सांगायचा, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. उत्तर मला देता येत नव्हतं, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात युक्रेनमध्ये खरं युद्ध पेटलं. आमच्या तुकडीतल्या काहींचं म्हणणं होतं, या वर्षी खेळ नको. काही म्हणाले, इतक्या वर्षांची रीत मोडायची नाही. शेवटी आम्ही गेलो. ऊन पडलं होतं, दोरीपलीकडे नेहमीसारखे लोक होते. हुकूम आला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम बार काढले.

धूर विरला तेव्हा दोरीपलीकडे एक बाई गवतावर पालथी पडलेली होती. दोन्ही हात डोक्यावर, तोंड मातीत. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. कुणीतरी हसलं, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. प्रेबेन माझ्या नळीवरून तिच्याकडे बघत होता. पुढचा हुकूम झाला, पण त्याने पुडी फोडली नाही. रांग सोडून तो तिच्याकडे चालत निघाला. इतक्या वर्षांत त्याने रांग कधी सोडली नव्हती. बाईने मान वर केली. निळा कोट आणि त्याच्या हातातली मी तिला दिसले, आणि ती कोपरांवर रांगत मागे सरकू लागली.

त्याने मला गवतावर टाकून दिलं. पण तोवर तिच्याबरोबरच्या बायकांनी तिला उठवून नेलं होतं.

मित्रांनो, मी कुणाला मारलं नव्हतं. तरी त्या बाईच्या डोळ्यांत मी जी भीती पाहिली, ती खऱ्या बंदुकीपुढे सापडलेल्या माणसाची होती.

त्या आठवड्यात प्रेबेन राय नावाच्या धान्याच्या पावाचा केक घेऊन तिच्या बिऱ्हाडी गेला. युक्रेनहून आलेल्या बायकांना गावाबाहेरच्या जुन्या वसतिगृहात जागा दिली होती. दार फटीएवढं उघडलं, ती झोपली आहे असं कुणीतरी सांगितलं आणि दार लागलं. केक तसाच घरी आला. मग त्याने मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

पुढच्या एप्रिलआधी डेटलेफ आला. कपाट बैठकीच्या खोलीतच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तो आधी थट्टेत बोलला, मग समजुतीने, शेवटी चिडून. तू एकटा घरी बसल्याने तिकडचं युद्ध थांबणार आहे का, असं त्याने विचारलं. प्रेबेन म्हणाला, "डेटलेफ, तू मेल्यावर उठून बसतोस. तिच्याकडे कुणी उठत नाही." डेटलेफने खुर्ची मागे सारली. मग कोट घालून निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

कपाटातली वर्षं कशी सांगू? तिथे दिवस आणि रात्र सारखीच असते. माझ्या घोड्यावर तांबूस गंज चढला. नळीत पूर्वी दारूचा वास असायचा, तोही गेला. बाहेर प्रेबेनची पावलं ऐकू यायची, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, एकाच माणसापुरती भांडी वाजायची. त्याचं बोलणं मात्र बंद झालं होतं. त्याला माझी आठवण येते की नाही, हेच मला कळेना.

मग तो शिडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. इस्पितळातून घरी आल्यावर नगरपालिकेकडून मदतनीस बायका येऊ लागल्या. एका सकाळी नवा आवाज आला. डॅनिश नीट होतं, पण शब्द जपून ठेवल्यासारखे यायचे. तिचं नाव हालिना. प्रेबेनचा आवाज त्या दिवशी एकदम बसला, त्यावरून मला कळलं की ही टेकडीवरची तीच बाई, हे त्याने ओळखलं. त्याने काही सांगितलं नाही. ती पायमोजे चढवायची, कॉफी करायची, जायची. असे कितीतरी दिवस गेले.

एकदा धुतलेले कपडे लावताना तिच्या हाताला निळा कोट लागला.

"हा तुमचा?" तिने विचारलं.

"माझा."

"म्हणजे टेकडीवर रांग सोडून आलेले तुम्ही."

"हो. नंतर मी वसतिगृहावर केक घेऊन आलो होतो. तुम्ही झोपला होतात."

"मी पलंगाखाली होते," ती म्हणाली.

तिने कोटाची घडी घालून तो खुर्चीवर ठेवला. मग तिने विचारलं, ती बंदूक कुठे आहे. प्रेबेनने किल्ली पुढे केली. दार उघडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने मला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"हिने किती माणसं मारली?"

"एकही नाही. दर वर्षी एक जर्मन पडायचा, पण संध्याकाळी सॉसेज खायला तोच सगळ्यांच्या आधी हजर."

ती लगेच हसली नाही. दार लावताना मात्र तिच्या नाकातून हसू निसटलं.

त्यानंतर ती अधूनमधून स्वतःच कपाट उघडायची. प्रेबेन बसल्या जागेवरून सांगायचा आणि ती माझा गंज काढायची. एक दिवस चिंधी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला हिचा आवाज ऐकायचाय."

"कशाला, हालिना?"

"आमच्या गावात जेवढे आवाज झाले, त्यातला एकही कुणी सांगून केला नाही. मला एक तरी सांगून केलेला ऐकायचाय."

प्रेबेन दोन दिवस विचार करत होता. मग त्याने शेजाऱ्यांना फोन करून सांगून ठेवलं. घरामागच्या शेतात बार्लीची कापणी झालेली होती. हालिनाने स्वयंपाकघरातली खुर्ची तिथे नेली, त्याला बसवलं आणि आपण मागे उभी राहिली. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं गप्प राहिल्यावर मी फुसकी निघाले तर?

प्रेबेन एकेक गोष्ट सांगत गेला. आता दारू ओततोय. आता टोपी बसवतोय. आता घोडा मागे ओढतोय. मग म्हणाला, "आता तुम्ही म्हणाल तेव्हा. नाही म्हणालात तरी चालेल."

वारा होता. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ते मला प्रेबेनच्या खांद्यातून जाणवत होतं.

"उडवा," ती म्हणाली.

माझा बार झाला. कुंपणावरचे समुद्रपक्षी उडाले, एक गिरकी घेऊन परत बसले. धूर शेतावरून हळूहळू गेला. हालिना उभीच होती.

"संपला?"

"संपला."

"एवढाच?"

"एवढाच."

मग ती कापलेल्या बार्लीच्या खुंटांवर खाली बसली आणि रडली. प्रेबेनला उठता येत नव्हतं. त्याने मला मांडीवर आडवं ठेवलं आणि एक हात मागे करून तिचं डोकं लागेपर्यंत चाचपडत राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुन्हा नको." तो माझा शेवटचा बार.

त्याच दिवशी प्रेबेनने डेटलेफला फोन केला. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही. हालिना काय म्हणाली तेवढं त्याने सांगितलं.  मग डेटलेफचा आवाज आला, "इतकी वर्षं आपण हे करतोय, म्हाताऱ्या. बघायला कोण उभं आहे, हे कधी विचारलंच नाही."

पुढच्या एप्रिलमध्ये लढाई सुरू होण्याआधी हालिना दोरीच्या कडेकडेने चालत गेली. प्रत्येक घोळक्याजवळ थांबून तिने सांगितलं की आता मोठा आवाज होणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी तिच्याबरोबर झाडांमागे यावं. काही जण गेले. त्यात एक डॅनिश म्हातारा सैनिकही होता, तो कुठल्याशा परदेशी मोहिमेवरून परतलेला. त्याला आवाज सोसत नाही हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. प्रेबेन त्या दिवशी घोंगडी पांघरून कडेला बसला होता. घरी येऊन त्याने हे सगळं मला सांगितलं. हो मित्रांनो, कपाटाचं दार उघडं ठेवून, मलाच.

शरद ऋतूत तो गेला. परवाना त्याच्या नावावर होता, म्हणून माझी नळी कायमची बंद करावी लागली. लोहाराने आत लोखंडी सळई घालून ती वितळवून जोडली तेव्हा डेटलेफ टोपी हातात घेऊन उभा होता. आता मी टेकडीजवळच्या तुकडीच्या लाकडी खोलीत भिंतीवर आहे. वर्षभर इथे कुणी येत नाही. खिडकीवर माश्या मरून पडतात, छताला ओल येते. माझ्या दस्त्यावर कुणाचा तरी हात पडावा असं फार वाटतं, पण हात पडत नाही. डेटलेफही आता क्वचित येतो, त्याला गुडघ्यांमुळे मरता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरात असतील तर त्यांना कधीतरी खाली काढा, पुसा, त्यांच्याशी दोन शब्द बोला. आणि तुम्हाला मोठा आवाज करावासा वाटला, तर जरूर करा. पण आधी शेजारी कोण उभं आहे ते बघा, आणि त्याला सांगा.

एप्रिलमध्ये मात्र मी दिवसभर कान देऊन असते. आधी भिंतीपलीकडून हालिना घोळक्याघोळक्याशी थांबत, सावकाश बोलत जाते. तिचं बोलणं पार टोकापर्यंत पोहोचेस्तोवर कुणी बार काढत नाही. सगळी टेकडी तिच्यासाठी थांबलेली असते, आणि तेवढा वेळ मीही.