नजरेने घेतलेले माप

त्या दिवशी बाबा कोट घालून दामूअण्णाच्या दुकानात गेले आणि सदऱ्यावर घरी आले. त्यानंतर त्यांनी कोट घातला नाही.

दामूअण्णा अमरावतीतला शिंपी. तो आठवतो तो उजेडातून. दिवेलागणीला जयस्तंभाच्या रस्त्यावरची बाकीची दुकाने पिवळ्या, मळकट दिव्यांखाली पेंगत असत, तेव्हा त्याच्या दुकानातून पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर पांढरा उजेड फुटपाथवर सांडलेला असे. त्या उजेडाला ऊब नव्हती आणि सावलीही जवळजवळ नव्हती. वैशाखात, डांबर पायाखाली मऊ पडे त्या दिवसांतही, आत उभा असलेला दामूअण्णा थंड दिसायचा. पांढरी पँट, कानामागे पेन्सिल, मानेवरून दोन्हीकडे सोडलेला टेप. कात्रीचा आवाज तेवढा गरम होता. कापडातून जाताना ती एखाद्या उपाशी जनावरासारखी एका दमात जाई.

त्याच्या वडिलांच्या काळी त्या जागेत गादी होती, लोड होते, ओट्यावर एक मशीन आणि कोळशाची इस्त्री. दामूअण्णा मुंबईला जाऊन आला आणि त्याने पुढची भिंत पाडून तिथे काच लावली. खाली मोझॅकची फरशी आली. खाली निमुळत्या होत गेलेल्या पायांचा काउंटर आला, जो जमिनीवर उभा न राहता नुकताच येऊन टेकल्यासारखा वाटे. एकाच माणसाला तीन बाजूंनी दाखवणारा आरसा आला. भिंतीवरच्या घड्याळात आकडे नव्हते, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा होत्या, आणि तसेच एक पातळ, सोनेरी घड्याळ त्याच्या मनगटावरही होते. त्याचा कोटही याच जातीचा होता. अरुंद कॉलर, दोनच गुंड्या, खांद्यात कापूस नाही, कुठे पसारा नाही. अकोल्याचे वकील गाडीने येऊन त्याच्याकडून कोट शिवून नेत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही ते सारे सुंदर वाटले होते. आजही वाटते. रेषा सुंदर असू शकते. ती कोणाच्या हातून निघाली हे ती सांगत नाही.

त्या हातांविषयी लिहायला हवे. ते मऊ, रुंद, अतिशय लाघवी हात होते. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा नसलेला धागा ते झटकत, कॉलर उगाच एकदा मागून बसवत, छातीवरून पंजा फिरवून कापडाची सुरकुती काढत. माणसे त्या स्पर्शाने फुलत. सरकीचा धंदा करणारा एखादा जाडा शेठ आरशासमोर त्या हातांखाली नवरदेव होऊन जाई.

बाबांना मूर्तिजापूरच्या शाळेत हेडमास्तर म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला कोट शिवायला टाकला. आमचे घर दोन खोल्यांचे, वर पत्रे. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा देव्हाऱ्याच्या कोनाड्यात बाबांनी पुस्तके मांडली होती. घरात नवी रचना म्हणून झाली ती तेवढीच. कोट ही दुसरी होणार होती. पहिल्या दिवशी ते दुकानातून आले ते आनंदात.

"टेपच नाही लावला त्यानं," ते आईला म्हणाले. "चार हात दूर उभा राह्यला, मान वाकडी केली, डोये बारीक केले, अन् माप सांगून टाकलं. कारागीर म्हणावं तर असा!"

आई भाकरी थापत होती. "काहून? तुमी काय ताजमहाल हाये, दुरूनच पाहाले?"

बाबा हसले. आई हसली नाही.

कोट आला आणि खांद्यात आवळ निघाला. बाबा हेडमास्तर झाले तरी गणित स्वतःच शिकवत; फळ्याच्या वरच्या ओळीकडे हात नेला की कोटाची सारी पाठ वर सरके आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. ते दोनदा दुरुस्तीला घेऊन गेले. दोन्ही वेळा दामूअण्णाने कोट उतरवायला सांगितला, काचेजवळच्या लाकडी पुतळ्याला चढवला, आणि पुतळ्याच्या खांद्यावरून प्रेमाने पंजे फिरवत खडूच्या खुणा केल्या. "कोट बरोबर हाये जी," तो म्हणाला, "तुमचा डावा खांदा उतरता हाये. देवानं घडवलं त्याले मी काय करू?"

तिसऱ्या वेळी मी बाबांबरोबर होते. आमच्या आधी कापसाच्या एका जिनवाल्याचा मुलगा आरशापुढे उभा होता. दामूअण्णाने मानेवरचा टेप काढला आणि त्याच्या गळ्याभोवती घातला, मग छातीभोवती, मग कमरेभोवती, आणि आकडे सुरात म्हणत राहिला. कोपऱ्यात बसलेला कारागीर ते लिहून घेत होता. गुडघ्यावर बसून दामूअण्णाने पँटची लांबीही घेतली. बाबा पाहत होते. आरसा तीन बाजूंचा असल्यामुळे मला बाबांचे पाहणे तीन ठिकाणी दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादे उदाहरण फार दिवस सुटत नसावे आणि एकाएकी सुटावे, तसे काहीतरी होते. ते सुटल्याचा आनंद मात्र तिथे नव्हता.

बाबा पुढे झाले. "माह्यं माप घ्या."

"घेतलं ना जी. माह्या नजरेत हाये."

"टेपनं घ्या."

"अण्णा नजरेनं माप घेते म्हंजे नशीब समजा, गुरुजी," जिनवाल्याचा मुलगा बाही खाली ओढत म्हणाला. "आमाले तर गुदगुल्या सोसा लागतात!"

कारागीर हसला. दामूअण्णाही हसला आणि मग त्याला तोड सुचली. टेपचे टोक दोन बोटांत धरून त्याने तो माझ्यापुढे लोंबता केला, आणि आवाज विलक्षण गोड केला. "ताई, तुमी धरा. मी दुरून सांगतो कुठून कुठं. बापाचं माप लेकीनं घेतलं तर काय बिघडते?"

या वाक्याचा द्वेष मी आजवर सांभाळला आहे. त्यात एकही वाईट शब्द नाही. कोणत्याही सभेत ते म्हणता येईल, टाळ्यासुद्धा पडतील. मुंबईहून काच आणता येते, उजेड आणता येतो, घड्याळातले आकडे काढून टाकता येतात. आणि हे सगळे झाल्यावर त्या लख्ख, रिकाम्या, आधुनिक जागेच्या बरोबर मधोमध जुनी भिंत शब्दांनी पुन्हा बांधता येते, तीही इतक्या सफाईने की तिचा सांधा दिसू नये. दामूअण्णा खरा कारागीर होता तो यात.

मी हात पुढे केला नाही. बाबांनी केला. त्यांनी टेप घेतला, काउंटरला वळसा घालून दामूअण्णाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि टेप त्याच्या खांद्यांवर ठेवला. डाव्या टोकावर अंगठा, उजव्या टोकावर अंगठा. घाई नव्हती. वर्गात रेघ मारताना पट्टी धरावी, तसा तो टेप त्यांनी नीट सरळ केला.

"साडेसतरा," बाबा वर्गातल्या आवाजात म्हणाले. मग थोडे थांबून, "पाहा. काई झालं नाही."

दामूअण्णा हलला नाही. ज्या हातांना गप्प बसणे माहीत नव्हते ते मांड्यांशी सरळ लोंबत होते. त्या क्षणी तो पुतळ्यासारखा दिसला असे मी म्हणणार नाही. पुतळ्याची मान लाल होत नाही. बाबांनी टेप त्याच्या मानेवर जिथे असायचा तिथे ठेवून दिला, दोन्ही टोके सारखी केली, स्वतःचा कोट उतरवला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडले.

बाबांनी मागे पाहिले नाही. मी पाहिले. काच स्वच्छ होती. रस्त्यावरून आतले सगळे दिसावे म्हणूनच त्याने ती लावली होती. दामूअण्णाने दोन बोटांनी टेप मानेवरून उचलला आणि खाली टाकला. कारागिराने ड्रॉवर उघडून त्याला दुसरा दिला.

पुलाजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "त्याचाही डावाच खांदा उतरता हाये, माय." आणि त्यांना हसू आले. मीही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि आईने "काय झालं?" विचारले तेव्हा ते पुस्तकांकडे तोंड करून बसून राहिले.

बाबांना जाऊन आता दुसरे वर्ष चालू आहे. दामूअण्णा आहे. त्याने शहराच्या कॅम्प भागात बंगला बांधला आहे, अर्धगोल गच्चीचा, खिडक्यांच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण. लोक थांबून पाहतात. मी दुःख करते ते सावकाश, वाचणाऱ्या माणसाच्या सवयीने, एकेक ओळ पुन्हा पाहत. बाबा कंदिलाशेजारी वह्या तपासताना कसे बसत, आईशी बोलताना मान कुठल्या बाजूला कलत असे, हे मी आठवायला जाते, आणि कंदिलाचा उजेड पुरत नाही. पण त्या दुकानातले बाबा, हात वर उचललेले, अंगठ्याखाली टेपचे टोक धरलेले, तीन बाजूंनी लख्ख दिसतात. ज्या दिव्याखाली ते मला सर्वांत स्पष्ट दिसतात तो दिवा त्या माणसाचा आहे, आणि याची मी त्याला क्षमा करणार नाही.

घरातले बाबा पुसट होत चालले आहेत. दुकानातले राहिले आहेत.