आरोहीच्या हातावरची अक्षरं

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी लालबागच्या त्या चाळीचा जिना चढायचा म्हणजे माणसांतून वाट काढत चढावं लागे. रांग तिसऱ्या मजल्यावर परबांच्या खोलीशी सुरू होई आणि खाली पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. बायकांच्या हातात ओटीचं सामान, पुरुषांच्या हातात नारळ. ठाकूरद्वारहून माणसं येत, परळहून येत. एकदा एक जोडपं मोटार घेऊन आलं आणि गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून देवीला रस्त्यातूनच नमस्कार करून परत गेलं.

खोलीत चौरंगावर आरोही बसलेली असे. अकरा वर्षांची, सहावीतली मुलगी. अंगावर हिरवी साडी, कपाळभर कुंकू, डावा हात समोरच्या उशीवर उताणा ठेवलेला. शेजारी कुशाबा महाराज.

"बोल, काय विचारायचंय?" कुशाबा म्हणे.

"मुलगा नोकरीत कायम होईल का, महाराज?"

"मी कोण सांगणारा? मी पोस्टमन. चिठ्ठी आई लिहिते. बाकीच्या देव्या अंगात येऊन घुमतात, केस सोडतात, लोकांना कळत काहीच नाही. आपली आई शिकलेली आहे. नेटवर्क नको, रिचार्ज नको, डायरेक्ट लाइन. फक्त शंका तेवढी बाहेर चपलांपाशी ठेवून ये. चप्पल चोरीला जाईल एक वेळ, शंका कोणी नेत नाही."

लोक हसत. तेवढ्यात तो मुलीच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत अंगाऱ्याचा जाड थर लावी. मग मोरपीस घेऊन त्या अंगाऱ्यावरून फिरवी, देवीला वारा घालावा तसं. मग डोळे मिटून देवीची नावं घेई. एक नाव दोनदा आलं तरी कोणी मोजत नसे. लोकांचे गुडघे अवघडायला लागले की तो ओल्या फडक्यानं अंगारा पुसून काढी.

हातावर अक्षरं असत. लाल, फुगीर, बोटाला लागतील अशी. 'हो.' 'थांब.' 'गावी जा.' शाईचा थेंब नाही, काही नाही. कातडीच वर येऊन बोलायची. लोक आडवे पडत.

हे सगळं आरोहीचे आजोबा, तात्या परब, गॅलरीत खुर्ची टाकून उंबऱ्याबाहेरून बघत. मांडीवर पुस्तक असे, पान उलटलेलं नसे. तात्यांनी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं, पण वर्ग कधी त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. कुणी ठामपणे काही म्हटलं की यांना वाटायचं, आपलंच चुकत असेल. बसमध्ये सुटे पैसे कमी मिळाले तरी ते आधी स्वतःचा हिशेब तपासत.

आरोहीला लहानपणापासून इसब होतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी फुटायची. रात्री खाजवू नये म्हणून तिची आई दर्शना तिच्या हातांवर मोजे चढवायची, तरी सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके असायचे. जरा काही लागलं की अंगावर पित्ताच्या गांधी उठत. त्यात काजूची अॅलर्जी. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी बारशात काजूचा तुकडा खाल्ला आणि जीव जाता जाता वाचला होता. परबांचं गाव वेंगुर्ल्याकडचं, घराभोवती काजूची झाडं, आणि तेव्हापासून या घरात काजू येत नव्हता.

कुशाबाकडे तिला नेलं होतं ते इसबासाठीच. त्यानं तिचा हात धरला, नखानं नुसती एक रेघ ओढली आणि थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा रोग नाही. हे देवीचं आसन आहे." त्या दिवसापासून मलम बंद, रोजची गोळी बंद. गोळीनं देवी झोपते, असं तो म्हणाला.

एका सोमवारी तात्यांनी धीर केला. मुलगी रात्रभर खाजवत होती, ते ऐकवेना, म्हणून दुधाबरोबर जुन्या पाकिटातली गोळी दिली. मंगळवारी संध्याकाळी कुशाबानं अंगारा पुसला तर खाली कोरा हात. पुन्हा लावला, पुन्हा पुसला. कोरा.

"आज आईचं मौन आहे," त्यानं लोकांना सांगितलं. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आला आणि दबक्या आवाजात दर्शनाला विचारलं, "गोळी कोणी दिली पोरीला?"

तात्या दाराआड होते. विटाळ कुणाचा झाला, हे त्यानं विचारलं नव्हतं. नवस कुणाचा राहिला, हेही नाही. थेट गोळी. म्हणजे गोळीनं काय थांबतं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मुलाला, राजेशला, गॅलरीत बोलावून हे सांगितलं. राजेश लोअर परळला एका ऑफिसात कामाला होता, नुकताच घरी आलेला.

"झालं तुमचं, तात्या?" तो म्हणाला. "या मजल्यावर माझ्या पोरीला काय म्हणायचे, आठवतंय? खरजुली. रमाबाई आपल्या नातीला सांगायच्या, तिच्या ग्लासातलं पाणी पिऊ नकोस. शाळेत ती बाकावर एकटी बसायची. आज तीच रमाबाई तिचे पाय धुते. तुम्हाला ते बघवत नाही का?"

"बघवतं रे. पण तिला खाजतंय."

"खाजत आधीपण होतं."

 तात्या आत जाऊन आरोहीजवळ बसले. तिच्या कोपरातून पाणी गळत होतं.

"मोरपिसानं कसं वाटतं गं?"

"मऊ बाजूनं काही नाही. तो उलटं धरतो ना, देठाकडून, तेव्हा खूप खाजतं. पण खाजवायचं नसतं. देवी खाजवत नाही." मग ती हळूच म्हणाली, "तात्या, गोळी नका देऊ मला. अक्षरं आली नाहीत तर सगळे जातील."

तात्यांना सगळं कळलं होतं. तरीही ते गप्प बसले. समोर इतकी माणसं आणि आपण एकटे. कुठे तरी आपलंच चुकत असेल.

नवरात्रातल्या अष्टमीला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मंडळानं ढोलवाले पाठवले होते. रमाबाई नैवेद्याचा शिरा घेऊन आल्या. "गावचे काजू वाटून घातलंय," त्यांनी कौतुकानं सांगितलं.

तात्या खुर्चीतून उठले. "तिला काजू चालत नाही, रमाबाई."

"पोरीला चालत नाही," कुशाबा आतून म्हणाला. "आईला काय बाधणार? आज आई जेवणार."

"तात्या, आज नको. प्लीज," राजेश म्हणाला.

दर्शना नवऱ्याकडे बघत होती, मुलीकडे बघत होती. तेवढ्यात कुशाबानं दोन घास भरवलेही.

आधी आरोहीनं ओठ चोळले. मग ती खोकली. मग ओठ सुजायला लागले, पापण्या फुगून डोळे बारीक झाले, चेहऱ्यावर आणि गळ्यावर लाल चट्टे चढले. ती काहीतरी म्हणाली, पण आवाज घोगरा, अनोळखी निघाला. कुशाबाही क्षणभर दचकला. पण असला माणूस दचकून फार वेळ राहत नाही.

"आली," तो म्हणाला. "अक्षरं पुरेनात म्हणून स्वतः आली. उग्ररूप बघून घ्या. वाजवा."

ढोल सुरू झाले. बायका रडत माथा टेकू लागल्या. चौरंगावर एक मूल श्वासासाठी तोंड उघडत होतं आणि समोर शंभर हात जोडलेले होते.

तात्या आत शिरले. लोकांच्या पाठींवरून, ताटांतून. चष्मा कुठे पडला ते कळलं नाही. त्यांचा आवाज ढोलापुढे कोणालाच ऐकू गेला नसता, म्हणून त्यांनी दर्शनाचे खांदे धरले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "देवी नाही ती. आरोही आहे. तिचा गळा बंद होतोय. बारशात झालं होतं, तेच."

दर्शनानं पोरीला उचललं आणि ती निघाली. पण जिना भरलेला होता. देवी खाली उतरते आहे म्हटल्यावर लोक पायऱ्यांवर झुकून तिचे लोंबते पाय धरू लागले. "सोडा. सोडा तिला," राजेश ओरडत पुढे झाला आणि त्यानं हातानं, कोपरानं वाट केली. एका म्हातारीनं टॅक्सीत बसतानाही आरोहीच्या पावलाला कुंकू लावलं. तोवर पोरीची नखं निळी पडली होती.

परळच्या मोठ्या इस्पितळात मांडीत इंजेक्शन दिलं, मग श्वासासाठी घशात नळी घातली. दोन रात्री ती शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर नूपुर यांनी तिघांना बाहेर बोलावलं. रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचे वळ मुलीच्या दंडावर उठले होते, त्यावरून त्यांना शंका आली होती. तात्यांनी अडखळत मोरपिसाचं सांगितलं.

"बरोबर. काही जणांची त्वचा अशी असते," डॉक्टर म्हणाल्या. "बोथट टोकानं दाबून रेघ ओढली की थोड्या वेळानं तिथे पित्तासारखी गांध उठते, मग आपोआप जाते. अॅलर्जीची गोळी घेतली की उठत नाही. शंभरातल्या दोन-चार जणांना असते, पुष्कळांना माहीतही नसतं. आणि तिचं इसब कोणाला लागत नाही. हे मात्र चाळीत सांगा."

राजेश भिंतीला टेकून खाली बसला. दर्शना रडली नाही. "मी तिथे उभी होते," एवढंच म्हणाली.

आरोही घरी आली तो शुक्रवार होता, आणि जिन्यात पुन्हा रांग होती. कुशाबा उंबऱ्याशी बसून सांगत होता, "वारं अंगात असताना मोडलं. आईला सुया टोचल्या. कोप होणारच. पोरीला एकदा बसवा, मी शांत करतो."

दर्शनानं मुलीला आत नेलं आणि आतून कडी लावली. राजेश मुठी आवळून कुशाबाकडे निघाला, तेव्हा तात्यांनी त्याचा हात धरला.

"मारशील तर ते म्हणतील, देवीच्या माणसाला मारलं. थांब जरा."

मग ते लोकांकडे वळले.  "आरोही बसणार नाही. आता कोणी तिच्या अंगावर काही करायचं नाही. तुमचे हात पुढे करा. ज्याला हवं त्यानं."

कुशाबाचंच मोरपीस आणि अंगारा त्यांनी घेतला. गॅलरीत ओळीनं लोक बसले, काही कुतूहलानं, काही म्हाताऱ्याची फजिती बघायला. प्रत्येकाच्या हाताला अंगारा लावून तात्या पिसाच्या देठानं लिहीत गेले. काय लिहावं ते सुचेना. सकाळी सुनेनं आणायला सांगितलेली भाजी डोक्यात होती, ती लिहिली. शंभरात दोन-चार, आणि समोर वीसबावीस माणसं. गणित आपल्या बाजूनं नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

पहिला हात पुसला. कोरा. दुसरा कोरा. आठ-दहा हात कोरे निघाल्यावर लोक कुजबुजायला लागले.

"मास्तर, आई तुमच्या शाळेत नव्हती," कुशाबा म्हणाला. एकदोघे हसले.

"नाही उठलं तरी खरं ते खरंच राहील," तात्या पुटपुटले. नेहमीचा, आपलंच चुकत असेल, हा विचार आला, पण या वेळी त्यांनी फडकं खाली ठेवलं नाही. त्यांनी पुढचा हात पुसला. तो रमाबाईंचा होता.

हातावर लाल, फुगीर, वाचता येईल असं स्पष्ट लिहिलेलं होतं: बटाटे.

 रमाबाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. "बांगड्या काढल्यावर माका असांच होता," त्या सावकाश म्हणाल्या. "परकराच्या नाडीखाली पण. मी म्हणलंय, उष्णता."

मागून एका माणसानं हात जोडले. "आई रमाबाईंच्यात आली."

"हात खाली कर, मेल्या," रमाबाई म्हणाल्या. "आज हात जोडतलंस, उद्या माका कायतरी भरवतलंस. त्या पोरीसाठी मीच केलंय ना शिरो." त्यांनी तो हात सगळ्यांपुढे धरला. "माझ्याच हातचो."

तात्यांनी अंगाऱ्याचं ताट उलटं करून ठेवलं. "अंगारा लावायचा तो ओढलेली रेघ दिसू नये म्हणून," ते म्हणाले. "देवीची नावं घ्यायची ती रेघ फुगायला वेळ मिळावा म्हणून. गोळी बंद करायची ती फुगणं थांबू नये म्हणून. एवढंच होतं. देवी मानू नका असं मी कुणाला सांगत नाही. मला तेवढं कळतही नाही. पण तुम्ही सगळ्यांनी अक्षरं वाचलीत. तो हात कुणाचा आहे आणि त्याला काय होतंय, हे कुणी बघितलं नाही. मीही नाही. मला कळलं होतं आणि मी खुर्चीत बसून राहिलो."

ते बोलत असताना कुशाबा चपला हातात घेऊन जिना उतरला. राजेश मागे धावून पोलीस चौकीपर्यंत गेला, पण तो सापडला नाही. लोकही एकेक करून निघाले, नारळ सांभाळत, एकमेकांकडे न बघता.

आत आरोही भिंतीकडे तोंड करून पडली होती. "गेले ना सगळे?" तिनं बसलेल्या आवाजात विचारलं.

"गेले," तात्या म्हणाले.

दारात रमाबाई उभ्या होत्या. आत यावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी तिथूनच हात पुढे केला. "ह्यां कधी जाता गो? आग होता नुसती."

आरोहीनं मान वळवून पाहिलं.  "थंड पाण्याचं फडकं ठेवा," ती म्हणाली. "आणि खाजवू नका. खाजवलं की वाढतं."

कुशाबा हल्ली शिवडीकडे कुठे तरी बसतो, असं ऐकू येतं. तिथेही त्याला एखादं मूल मिळालं असेल. रांग असेल, नारळ असतील, हातावर अक्षरं उठत असतील. तुम्ही गेलात तर अक्षरं खुशाल वाचा. पण हात जोडण्याआधी त्या मुलाच्या तोंडाकडे बघा, आणि त्यालाच विचारा, बाळा, तुला खाजतंय का?