बिनतेलाची भाकर

सुलक्षणाबाईंना स्वतःची साक्ष नव्हती आणि हे त्यांचं जुनं दुखणं होतं.

तशी देवाच्या कृपेनं बाकी कशाची ददात नव्हती. नवरा शांतवन पिरंगुटच्या कारखान्यात कायम होता, मुलगी नर्स होऊन नाशिकला लागली होती, गुडघे अजून चालत होते. पण मंडळीपुढं उभं राहून ‘देवानं माझ्यासाठी काय केलं’ ते सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची, तर त्यासाठी आधी आयुष्यात काहीतरी बिघडावं लागतं. कुणाची दारू सुटलेली असते, कुणी ट्रकखालून जिवंत निघालेलं असतं. सुलक्षणाबाईंचं काही बिघडलंच नाही. नगरकडच्या तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरात जन्म, तान्हेपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण, बाविसाव्या वर्षी लग्न. रविवार चुकला तो फक्त बाळंतपणात. हे सगळं सांगायला दीड मिनिट पुरे, आणि ते ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार?

साक्ष नव्हती, पण भाकर होती.

भरे गावात घरमालक हैबतरावांच्या इमारतीत खाली सिमेंट-सळईचं दुकान आणि वरच्या हॉलमध्ये या चाळीस माणसांच्या मंडळीची उपासना. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्या दिवशी मंडळीचे धर्मगुरू, दयानंद पाळक, भाकर हातात घेतात, मोडतात, तिचे तुकडे ताटलीतून सगळ्यांकडे जातात. ती भाकर बारा वर्षं सुलक्षणाबाईंच्या तव्यावरची. गव्हाचं पीठ, मीठ नाही, खमीर नाही. सासूनं शिकवलेली खुबी एकच होती: पिठाला कडकडीत तेलाचं मोहन चोळायचं आणि मंद आचेवर भाकर पार सुकू द्यायची. मग ती अशी खुसखुशीत होते, की दयानंद पाळकांनी ती मोडली की ‘कट्’ असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तो आवाज झाला की सुलक्षणाबाई मान खाली घालत. लोकांना वाटे, बाई प्रार्थनेत आहेत. बाई खरं तर कौतुक ऐकत असायच्या.

आणि मग जूनमध्ये ती अनुष्का आली.

हिंजवडीच्या कंपनीत नोकरी, एकोणतीस वय, कापलेले केस. हैबतरावांकडे भाड्याची खोली बघायला आली होती. वरून गाण्याचा आवाज आला तशी जिना चढून दारात उभी राहिली आणि तिथंच रडायला लागली. नंतर कळलं, ही श्रीरामपूरकडची, आपल्यातलीच. आई गेली तशी देवावर रागावून नऊ वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती. मधे एक मोठं ऑपरेशन झालं, एकटीनं दवाखान्यात दिवस काढले. आईचं आवडतं गाणं त्या दिवशी नेमकं वर चाललं होतं. तिनं हे सगळं उभं राहून सांगितलं तेव्हा दयानंद पाळकांनीसुद्धा चष्मा पुसला.

“पोरीनं काय साक्ष दिली गं!” शांतवन जेवताना म्हणाला.

“हो, नऊ वर्षं आली नाही त्याचं कौतुक,” सुलक्षणाबाईंनी पळी आपटली. “आम्ही रोज येतो, आम्हाला कोण विचारतंय.”

त्या दिवसापासून अनुष्कानं गाणं म्हटलं, वाहवा. अनुष्कानं मुलांना चित्रं काढायला शिकवलं, वाहवा. अनुष्का उशिरा आली तर ‘बिचारी किती लांबून कामावरून येते’. स्वतः सुलक्षणाबाई एकदा दहा मिनिटं उशिरा पोचल्या, तर पाळकांनी घड्याळाकडे पाहिलं होतं. त्यात ती त्यांना ‘आंटी’ म्हणायची. मावशी नाही, काकू नाही, आंटी.

इतकं चाललं असतं. पण नोव्हेंबरात भाताची कापणी झाली आणि उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला. वर्षाचा मोठा दिवस. लोक नवा तांदूळ, भोपळे, वालाच्या शेंगा आणून मेजापुढं मांडतात, एकेक जण आभाराची साक्ष देतो, शेवटी प्रभुभोजन. आदल्या आठवड्यात पाळक सुलक्षणाबाईंकडे आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, “यंदा भाकर अनुष्काला करू द्या म्हणतो. माणसाला काम दिलं की ते आपलं होतं. तुम्ही तेवढं शिकवा तिला.”

“शिकवते की,” सुलक्षणाबाई म्हणाल्या.

पाळक गेल्यावर त्या कपबशी घेऊन मोरीत उभ्या राहिल्या आणि नळ तसाच वाहत राहिला. त्या मंडळीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. पाहुण्यांना ओळख करून देताना सगळे म्हणायचे, या आपल्या भाकरवाल्या सुलक्षणाबाई. भाकर गेली तर मागं काय राहतं? शेवटून तिसऱ्या खुर्चीतली एक बाई.

मालकीणबाई लीलाबाई, म्हणजे हैबतरावांची बायको, समोरच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. त्यांच्यापाशी सुलक्षणाबाईंनी मन मोकळं केलं.

“म्या म्हंते, एक दिस दुसरीनं केली तर काय बिघाडलं?” लीलाबाई म्हणाल्या. “तुमचा द्येव काय फकस्त तुमच्याच हातचं खातुया व्हय?”

“तसं नाही हो.”

“मंग कसं? जळताया तुमी, दुसरं काय न्हाई. मला सांगू नगा. माज्या धाकल्या जावंला पयला ल्योक झाला तवा म्या बी लई जळलेय. समद्यात आदी म्याच पेढा खाल्ला तिचा, पन जळलेय.”

सुलक्षणाबाईंना राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

शनिवारी दुपारी अनुष्का आली, केस बांधून, हात धुऊन, फोनवर लिहून घ्यायच्या तयारीत. “आंटी, एक्झॅक्टली किती पीठ?”

“एक्झॅक्टली दोन वाट्या,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. पोरगी मळायला लागली. बोटं नाजूक, पण जोर बरा होता. कणीक घट्ट मळली, जाडसर लाटली, सुरीनं चौकोनांच्या रेघा मारल्या. सुलक्षणाबाई सगळं नीट दाखवत होत्या, आणि एका गोष्टीशी येऊन थांबत होत्या. तेलाची बाटली ओट्यावर समोरच होती.

अनुष्कानंच विचारलं. “यात तेल वगैरे काही नाही घालायचं?”

सुलक्षणाबाई हसल्या. “तेल? प्रभूच्या मेजावरच्या भाकरीला? अगं, ती शुद्ध असते.”

“ओह, सॉरी,” म्हणत पोरीनं फोनवर टिपून घेतलं. तेल नाही. खाली दोन रेघासुद्धा मारल्या.

“आणि उद्या घरी भाजल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. मऊ राहते.”

हेही टिपलं गेलं. जाताना तिनं सुलक्षणाबाईंचे पिठाचे हात धरले आणि काहीतरी म्हणणार होती, पण म्हणाली नाही. दार लागल्यावर सुलक्षणाबाईंना क्षणभर कसंतरी झालं. मग त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला: आपण काही बिघडवलेलं नाही, नुसतं सांगितलं नाही. ओल्या फडक्याचं मात्र त्यांनी त्या हिशेबात धरलं नाही.

रविवारी पहाटे उठून त्यांनी आपल्या पद्धतीची भाकर केली. मोहन घालून, रेघा मारून, सुकवून. स्टीलच्या डब्यात ठेवली. बेत साधा होता. पाळकांच्या हातून ती वातड भाकर मोडणार नाही, सगळे कावरेबावरे होतील, आणि मग शेवटून तिसऱ्या खुर्चीतून सुलक्षणाबाई उठतील. “असू दे, पोर नवीन आहे. मी आणलीय.” हे वाक्य त्यांनी आरशापुढं दोनदा म्हणून पाहिलं होतं.

हॉल भरला होता. मेजापुढं हैबतरावांनी दरवर्षीप्रमाणं पाठवलेलं नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं होतं, भोपळ्यांची रास होती. साक्षी सुरू झाल्या. उषाच्या नवऱ्याची साखर उतरली, कौस्तुभला नोकरी लागली. मग अनुष्का उठली.

“नऊ वर्षं मी कुठल्याही फॉर्मवर धर्माचा रकाना रिकामा सोडायचे,” ती म्हणाली. “कुणी विचारलं तू कोण, तर कंपनीचं नाव सांगायचे. काल पीठ मळताना माझी आई आठवली. तीही अशीच दोन्ही तळव्यांनी मळायची. सुलक्षणा आंटी शेजारी उभ्या होत्या, आणि मला वाटलं, मी या बायकांपैकी आहे. मी कोण ते मला काल कळलं, त्यांच्या ओट्यापाशी. त्याचे आभार.”

लोकांनी वळून सुलक्षणाबाईंकडे प्रेमानं पाहिलं. आणि सुलक्षणाबाईंच्या मनात पहिलं काय आलं म्हणाल, तर हेच: ओटा माझा, पीठ माझं, आणि साक्ष मात्र हिची!

प्रभुभोजनाची वेळ झाली. पाळकांनी प्रार्थना केली, भाकर दोन्ही हातांनी उचलली आणि मोडली. मोडली नाही. ती ताणली गेली. त्यांनी पुन्हा जोर लावला. भाकर लांब झाली आणि परत जागेवर आली. एक मूल खुदकन हसलं, आईनं त्याला गप्प केलं. पाळकांचे कान लाल झाले. सुलक्षणाबाईंची बोटं डब्याच्या कडीवर गेली. कडी निघाली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अनुष्का उभी राहिली. रडवेली झाली होती.

“सॉरी,” ती म्हणाली. “आंटींनी नीट शिकवलं होतं. माझंच काहीतरी चुकलं.”

सुलक्षणाबाईंनी कडी परत लावली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोटांनीच लावली.

“हरकत नाही,” पाळक म्हणाले, आणि त्यांनी भाकर कापड फाडावं तशी फाडली. कुणाला मोठा तुकडा, कुणाला चिंधी. ताटली फिरू लागली. या मंडळीत ज्यानं त्यानं आपला तुकडा हातात धरून थांबायचं आणि सगळ्यांनी एकदम खायचा, अशी पद्धत. आणि ज्याच्या मनात कुणाविषयी पाप आहे त्यानं तुकडा न घेता ताटली पुढं द्यायची. तसं सहसा कुणी करत नाही, कारण सगळ्यांना दिसतं. तीन वर्षांपूर्वी नळाच्या भांडणावरून उषानं ताटली पुढं दिली होती, तर दुसऱ्याच दिवशी सुलक्षणाबाई चौकशीला तिच्या घरी हजर होत्या.

ताटली शांतवनकडून त्यांच्याकडे आली. वातड, वाकडे तुकडे. बारा वर्षांत आपल्या हातची नसलेली पहिली भाकर. त्यांनी हात पुढं केला, आणि तो ताटलीवर तसाच राहिला. मग त्यांनी ताटली पुढं दिली.

शांतवननं त्यांच्याकडे पाहिलं. उषानं पाहिलं. हळूहळू सगळ्यांनी पाहिलं. ताटली फिरून पाळकांपुढं परत गेली; बाकीची माणसं आपापला तुकडा धरून थांबली होती.

“सुलक्षणाबाई?” पाळक हलक्या आवाजात म्हणाले.

त्या उठल्या.

“माझी साक्ष आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“पिठाला तेलाचं मोहन लागतं. हिनं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं, आणि वर प्रभूचं नाव घेतलं. ओल्या फडक्याचंही मीच सांगितलं. मुद्दाम. हिचं कौतुक मला बघवत नव्हतं.” त्यांनी डबा उचलून दाखवला. “ही माझी भाकर. हिची फजिती झाली की काढणार होते.” मग तो पायाशी ठेवला. “बारा वर्षं मी देवासाठी भाकर आणते. मला वाटायचं, मी देणारी आहे. आज नुसती घ्यायची होती, तर हात पुढं होईना. आणि हिनं माझा दोष स्वतःवर घेतला. तिला माहीतही नव्हतं. त्याचे आभार. एवढंच.”

त्या बसल्या नाहीत. बसायचं कसं ते कळत नव्हतं.

अनुष्काचा चेहरा उतरला होता. ती बराच वेळ त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात राग होता, चांगला खराखुरा. मग ती उठली, पाळकांपुढची ताटली उचलून मागं चालत आली.

“अहो, ती डब्यातलीच काढा की,” उषा कुजबुजली. “दाताखाली येईल तरी.”

“नको,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “हीच.”

ताटलीत एकच तुकडा उरला होता, कडेचा. अनुष्कानं ती पुढं धरली. “पुढच्या वेळी तेल किती ते सांगा,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आंटी.”

“दोन चमचे,” सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि तुकडा घेतला.

पाळकांनी खूण केली आणि सगळ्यांनी एकदम खाल्लं. म्हणजे खायला सुरुवात केली. ती भाकर काही संपेना. पाळक चावत होते, शांतवन चावत होता, कौस्तुभ गाल फुगवून चावत होता. पेटीवाला पुढच्या गाण्याचा सूर धरून बसला होता, पण तोंड मोकळं असल्याशिवाय गाणार कोण? सुलक्षणाबाईंचा जबडा दुखायला लागला. त्यांनी तो तुकडा शेवटपर्यंत चावला. त्यांच्या साक्षीला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं, आणि शेजारी उषा पदरानं डोळे पुसत होती.