दाराचा नियम

"पण आवाज करणार नाही ना तो?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती जिन्याखाली ओणवी होऊन भिंतीला कुठे ओल आहे का ते हाताने चाचपत होती.

"टेबलफॅनएवढा करेल," ती आतूनच म्हणाली. "तुमच्या घरापर्यंत नाही येणार."

अध्यक्ष तळमजल्यावर राहत आणि निवृत्त झाल्यापासून इमारतीच्या प्रत्येक खिळ्याची काळजी वाहत. सर्व्हर हा शब्द त्यांच्या अजून पचनी पडला नव्हता. तिने त्यांना परत एकदा समजावून सांगितलं. हे एक लहान कपाटाएवढं यंत्र. टाकी भरली की पंप तेच बंद करेल, जिन्यातले दिवे तेच लावेल, आणि मुख्य दाराचं कुलूपही तेच सांभाळेल. कोण कधी आलं-गेलं त्याची नोंद इमारतीतच राहील, बाहेरच्या कुठल्या कंपनीला कळणार नाही. अध्यक्षांनी सगळं ऐकून मान डोलावली आणि मग वीज गेली तर काय, असं विचारलं. बॅटरी असते म्हणून सांगताना ती खिशातल्या फोनकडे बघत होती. वरून काही आवाज येतोय का, तिकडे तिचा एक कान होताच.

दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचे वडील, अण्णा, दोघंच राहत. कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटरची जाळी बसवून देणं हा तिचा व्यवसाय, म्हणून इमारत तिला इंजिनीअरबाई म्हणे. हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि लोक तोंड भरून कौतुक करत होते. ते ऐकलं की ती काढता पाय घेई. अख्ख्या इमारतीची सोय बघत होती खरी, पण तिला मुळात एकाच माणसासाठी दार बंद करायचं होतं.

अण्णांनी उभा जन्म पाण्याची मीटरं वाचण्यात घालवला. कुठल्याही घराची घंटा वाजवायची, "मीटर" एवढंच म्हणायचं, की दार उघडे. आता निवृत्तीला बरीच वर्षं झाली, आणि गेल्या काही महिन्यांत अण्णा दुपारचे उठून परत कामावर जाऊ लागले. शर्टाला पेन लावत आणि निघत. सापडत ते दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीत, पाइपाशी उकिडवे बसलेले. घरी आणलं की तासाभरात सगळं विसरून जात आणि चहाला उशीर का झाला म्हणून विचारत. शेवटच्या खेपेला ते हमरस्त्यापलीकडे सापडले. त्या दिवसापासून तिचा कशातच जीव लागेना. कामावर बसली की उठावंसं वाटे, उठली की फोन करावासा वाटे, आणि अण्णांनी फोन उचलला की काय बोलावं ते सुचत नसे.

त्याच आठवड्यात तिने दाराचे नियम लिहिले. प्रत्येकाला आपापल्या फोटोचं कार्ड. मोठ्यांनी ते लावलं की दार उघडेल. पहिल्या मजल्यावरची चिमुरडी आणि तिच्यासारखी दोन-तीन पोरं परस्पर रस्त्यावर पळत, म्हणून लहान मुलांचा नियम वेगळा: त्यांच्या कार्डाने आतून दार उघडणार नाही, आणि घरच्यांच्या फोनवर निरोप जाईल. नुसता भोंगा वाजला तर पोरं घाबरतील, म्हणून तिने तिसऱ्या मजल्यावरच्या बालवाडीच्या बाईंच्या आवाजात एक वाक्य भरून घेतलं. बाईंनी ते फार मायेने म्हटलं. मग अण्णांच्या कार्डाची पाळी आली. त्यांच्यासाठी तिसरा नियम लिहायचा, तर निदान एक पूर्ण दिवस जाणार होता. तिने त्यांचं कार्ड मुलांच्या नियमात टाकलं आणि पुढे कधीतरी नीट करू म्हणून मनाची समजूत घातली. कार्डाकडे बघून कुणाला काय कळणार आहे?

रविवारी संध्याकाळी सगळी इमारत खाली जमली. निम्मी माणसं नव्या काचेच्या दाराबाहेर गेली, आत येऊन बघायला, आणि निम्मी बाहेर जाऊन बघायला आत थांबली. अण्णांना तिने टीव्हीसमोर बसवून ठेवलं होतं. पण लेकीचं काम बघायला अख्खी इमारत जमलेली असताना ते थोडेच घरात बसणार! इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, कार्ड गळ्यात अडकवून ते जिना उतरून आले. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं केलंय हे."

"अण्णा, तुम्ही नंतर," ती गर्दीतून वाट काढत म्हणाली. तोवर त्यांनी कार्ड लावलंही होतं.

पिवळा दिवा लागला आणि बालवाडीच्या बाई भिंतीतून मायेने म्हणाल्या, "थांब हं बाळा. घरातल्या मोठ्या माणसाला बोलव."

पोरं खिदळली. स्वतः बाई ओशाळून जमिनीकडे बघू लागल्या. अध्यक्ष मात्र प्रसंग सांभाळून घेणारे. ते म्हणाले, कार्डांची अदलाबदल झाली असणार, नव्या कामात असं व्हायचंच. तिला हायसं वाटलं. "हो, तसंच झालं असेल," ती म्हणाली.

अण्णांनी गळ्यातलं कार्ड डोळ्यांजवळ धरलं. आकडा चुकू नये म्हणून मीटर निरखत, तसंच.

"अदलाबदल नाही," ते म्हणाले. "फोटो माझा आहे." मग तिच्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू केलंस?"

तिला खोटं बोलता आलं असतं, आणि एका तासात ते विसरलेही असते. नेमकं त्यामुळेच तिच्याच्याने खोटं बोलवेना. "हो," ती म्हणाली.

"मी जातो का बाहेर? असा?"

"जाता."

"पुष्कळदा?"

तिने मान डोलावली. अण्णा काहीतरी आठवायचा जिवापाड प्रयत्न करत होते.

"मला एकदाचंही आठवत नाही," ते शेवटी म्हणाले. "मग बरोबर केलंस."

रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. तिने घाईघाईने आपलं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला, दार सरकलं. ती उंबऱ्यापलीकडे गेली आणि वळून म्हणाली, "चला अण्णा, आपण दोघं जाऊन येऊ."

अण्णा हलले नाहीत. पहिल्या मजल्यावरची चिमुरडी उघडं दार बघून पळायच्या बेतात होती. त्यांनी तिला दंडाला धरून थांबवलं आणि म्हणाले, "असं नाही जायचं. आपल्याला विचारून जायचंय."

"अण्णा," ती बाहेरून म्हणाली, पण तेवढ्यात दार मध्ये आलं, अगदी सावकाश, जराही आवाज न करता, आणि घट्ट बसलं. बाहेर थांबलेल्या लोकांना बंद काचेआड झालेलं आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं. दार आपलं आपण मिटलेलं बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.