ओट्याखालची फळी

"एवढा हंगाम झाला की रोपवाटिका बंद!" फिटरच्या बायकोने भाजी चिरता चिरता जाहीर करून टाकलं. "मातीची घमेली उचलून कंबर गेली माझी. आता हात टेकले."

फिटर जेवता जेवता थांबला. घरामागची ती रोपवाटिका बायकोने एकटीने उभी केली होती. वडिलांनी दिलेली नाही, सासऱ्यांनी दिलेली नाही, अशी तिची स्वतःची म्हणावी अशी या घरात तेवढी एकच गोष्ट. ती बंद म्हणजे बाई आतून बंद, हे फिटरलाही कळत होतं.

"बंद कशाला? मी तुला ट्रॅक्टर करून देतो," तो म्हणाला.

"अहो, दोन वाफ्यांमधून मीच अंग चोरून जाते. तिथे ट्रॅक्टर?"

"छोटा गं! घरी केलेला. वाफ्यांमधली वाटही रुंद करू. पुढे बकेट, माती उचलणारी. तू नुसतं बसायचं."

फिटरचा उभा जन्म कारखान्यातले हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यापासून घरात बसून तोच गंजायला लागला होता. त्याला हे काम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. मागच्या शेडमध्ये भंगारातलं लोखंड आलं, जुन्या पाण्याच्या पंपाचं इंजिन आलं, आणि दिवसभर ग्राइंडरची घरघर सुरू झाली.

रोज चहाला शेजारचा शिंपी यायचा, फिटरचा जुना दोस्त. फिटर त्याला समजावून सांगायचा, "यात क्लच नाही, गिअर नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते तेल नळ्यांतून चाकाच्या मोटरपर्यंत जातं आणि चाक फिरवतं. पेडल पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. लहान मूलसुद्धा चालवेल!"

बायको या सगळ्यात बॅटरी धरून उभी असायची. फिटर गाडीखाली आडवा आणि ती वरून उजेड दाखवतेय, असं पुष्कळ दिवस चाललं. एकदा ती म्हणाली, "हे पेडल मला जरा लांब नाही का पडणार?"

"तू उजेड सरळ धर," गाडीखालून आवाज आला.

सीट कुठे बसवायची, पेडल किती अंतरावर, हे सगळं माप फिटरने जावयाला बसवून घेतलं होतं. जावई उंचापुरा. त्याचे पाय नीट बसले की सगळ्यांचे बसले, असा साधा हिशेब! मग फिटरने पेडलची पट्टी पक्की वेल्ड करून टाकली आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

चाचणीच्या दिवशी शेजारीपाजारी जमले. इंजिन धडधडलं, बकेट माती घेऊन अलगद वर गेली, आणि एकच जल्लोष झाला! आधी फिटरने फेरी मारली, मग जावयाने, मग समोरच्या दुकानदाराने. बायको चहाचा ट्रे घेऊन फिरत होती.

"अरे, ज्यांच्यासाठी केलास त्यांना बसव की," शिंपी म्हणाला. "वहिनी, ठेवा तो ट्रे."

ती हात पुसून हौसेने चढली. पाठ टेकून बसली तर पाय पेडलपर्यंत पोचेना. पुढे सरकली तर पाय पोचला, पण बकेट वर-खाली करायचा दांडा मागे राहिला. लोक हसले. तीही हसली. "थांबा हं," म्हणत ती उतरून घरात गेली आणि एक लाकडी फळी घेऊन आली. "ही बांधा पेडलवर. होईल माझं."

फिटरने ती फळी ओळखली. स्वयंपाकघरातला ओटा त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता, स्वतःच्या उंचीने. त्या ओट्याशी बायको इतकी वर्षं याच फळीवर उभी राहून स्वयंपाक करत होती. मधोमध दोन टाचांचे खोलगट ठसे पडले होते. ती फळी रोज डोळ्यांसमोर असून त्याने कधी पाहिलीच नव्हती!

"जाऊ दे गं, मीच चालवीन," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही? मी वाफ्यात जाते तेव्हा तुम्ही घोरत असता." तिने शांतपणे ट्रे उचलला. "नाही जमलं तर नाही. तसंही मी बंदच करणार होते."

माणसं पांगली. शिंपी तेवढा राहिला.

"मी कापडाला कात्री लावतो ती ज्याला घालायचंय त्याचं माप घेऊन," तो म्हणाला. "वहिनींचं पोलकं जावयाच्या मापाने शिवलं असतं, तर तू मला वेड्यात काढलं असतंस."

"अरे, मी तिच्यासाठीच तर राबलो!"

"राबलास, कोण नाही म्हणतंय? पण विचारलं नाहीस. त्या स्वतःहून बोलल्या, तर म्हणालास उजेड धर. प्रेम केलं म्हणजे विचारायची गरज संपते, असं आपल्याला का वाटतं रे?"

फिटरने पेडलची पट्टी हलवून पाहिली. म्हणाला, "वेल्ड पक्का झालाय."

"तूच सांगतोस ना, गिअर नाहीत, नुसत्या नळ्या? नळी हवी तिकडे वळते. आपली मान तेवढी वळत नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरने बायकोला शेडमध्ये बोलावलं. "बस इथे. माझं चुकलं. आता तू सांगायचं, मी करायचं."

ती आधी बावरली, मग मात्र सुटलीच! पेडल जवळ हवं, दांडा डाव्या हाताला हवा, उजव्या हातात रोपं असतात. आणि चढायला पायरी हवी, साडी अडकते. शिंप्याने टेपने गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. फिटरने स्वतःचाच पक्का वेल्ड ग्राइंडरने कापला. या वेळी बॅटरी जावयाच्या हातात होती.

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर वाफ्यांमधून गेला, बकेटभर माती घेऊन, आणि वर बायको ताठ बसलेली! मागाहून जावई हौसेने चढला आणि कुरकुरला, "बाबा, गुडघे दांड्याला लागतात हो."

"लागू देत," फिटर म्हणाला. "गाडी तुमची नाही."

मग छिन्नी-हातोडा घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. ओटा तिच्या उंचीला उतरवायला.

वाचकहो, आपण घरं बांधतो, यंत्रं करतो, कचेऱ्या मांडतो, आणि ती वापरणाऱ्याला विचारायचं तेवढं विसरतो. मग तो बिचारा पायाखाली फळी घेऊन जन्म काढतो, आणि आपल्याला वाटतं सारं सुरळीत चाललंय. ज्याच्यासाठी करायचं, त्याला आधी विचारा. आपल्या घरात कोण कोणत्या फळीवर उभं आहे, ते आजच वाकून बघा.

रोपवाटिका चालू आहे. फळीही आहे. ट्रॅक्टर उभा केला की मागे घरंगळू नये म्हणून ती चाकाखाली लावतात.