चिपळी

बेसा गावच्या देवळात मारोतरावांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला. आता आख्यान लागायचं. पण बुवा म्हणाले, "ज्याचा हात घरच्या लक्ष्मीवर उठते, त्यानं इथं टाळी वाजवू नये गा."

सगळ्या माना विक्कीकडे वळल्या. विक्की बुवांचा सख्खा पुतण्या. त्याची बायको कामिनी हिने सुजलेला गाल पदराआड घेतला.

विक्कीच्या डोक्यात तिडीक गेली. काकांच्या हातातली चिपळी हिसकून त्याने ती त्यांच्याच कपाळावर हाणली. कातडं फाटलं. भाविकांनी जखमेत मूठभर बुक्का दाबला. रक्त काळं होऊन वाहतच राहिलं.

"थांबणार नाही ते!" कामिनी किंचाळली. "काकांच्या हृदयात धातूची झडप हाय. रक्त पातळ करायची गोळी घेतेत!"

विक्कीने काकांना उचलून घेतलं. बाप गेल्यावर याच माणसाने त्याला खांद्यावर वाढवलं होतं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर मयुराने सलाइनमध्ये पिवळं औषध मिसळलं. "व्हिटॅमिन के आहे, कारखान्यात बनवलेलं. गोळीचा असर उतरवतं. प्लाझ्माही मागवलाय."

"मग थेंब थेंब काहून सोडून राहिल्या? माणूस मरून राहिला ना!" विक्की ओरडला.

"भराभर गेलं तर हेच मारतं. हात लावू नका."

ती प्लाझ्मा आणायला दाराशी गेली, तोच विक्कीने नळीचं चाक पुरतं उघडलं.

काकांचा चेहरा लालभडक झाला. ओठ फुगले, घशातून करवतीसारखा आवाज निघाला. मयुराने झेप घेऊन नळी बंद केली, मांडीत अ‍ॅड्रेनालिनची सुई खुपसली. विक्की परत नळीकडे सरसावला. कामिनीने पदरात धरलेली रक्ताळलेली चिपळी त्याच्या मनगटावर घातली. हाड कडकन वाजलं. तो गुडघ्यांवर आला.

"लाव हात! आता लाव ना!"

प्लाझ्मा चढला. श्वास मोकळा झाला, कपाळावरची पट्टी कोरडी राहू लागली. काकांनी डोळे उघडले.

"कामिनी, चिपळी तं फुटली नाही ना वं?"

"चिपळी साबूत हाय काका. ह्यायचा हात मोडला."

काका हसले अन् कण्हले. विक्की रडत त्यांच्या पायांवर वाकला.

"माह्या पाया नको पडू गा. तिच्या पड."

विक्की वळला. कामिनीने पाय मागे घेतले नाहीत. चिपळी मात्र तिने हातातून सोडली नाही.