दुसरी आणि चौथी बाटली

तापातून उठलेल्या ऋताच्या जिभेला चव म्हणून राहिली नव्हती. रॉटरडॅममध्ये लॉकडाऊनचा हिवाळा होता, आणि तिची पीएचडी नेमकी चवींवर: तुर्की कुळातल्या भाषांत चवींचे शब्द कुठून आले? जुन्या काळी एकच शब्द खारट आणि कडू दोन्हींना चालत असे, असं तिचं म्हणणं. पुरावा उद्या मार्गदर्शकांना दाखवायचा होता.

आजारी पडण्यापूर्वी तिने चार बाटल्या वरच्या मजल्यावरच्या गुलनारबाईंच्या दाराशी ठेवल्या होत्या. पहिलीत साखरपाणी, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत लिंबूसत्त्व, चौथीत कडू, बिनसाखरेचं टॉनिक वॉटर, बुडबुडे जिरवून साध्या पाण्यासारखं केलेलं. गुलनारबाई मूळच्या कझाकस्तानच्या; प्रत्येक पाण्याची चव त्यांनी कझाकमध्ये, म्हणजे तुर्की कुळातल्याच भाषेत, सांगायची होती. आज त्यांचा फोन आला.

"दुसरी अश्ची," त्या डचमध्ये म्हणाल्या. "चौथीही अश्ची."

ऋता हरखली: खारट आणि कडूला एकच शब्द! मग सवयीने विचारलं, "दोन्हींत फरक काय?"

"काडीचाही नाही. मुली, एकच पाणी दोनदा पाजलंस की काय?"

फोन ठेवून ऋता ओट्याकडे वळली. शब्द एक म्हणून चव एक वाटली, की पाणीच एक होतं? मीठपाणी आणि टॉनिक इथेच दोन सारख्या स्टीलच्या जगांत होतं, आणि त्यांतूनच तिने बाटल्या भरल्या होत्या खऱ्या.

"भरताना चाखलं नाहीस?" तिच्या नवऱ्याने, प्रतीकने, पांघरुणातून विचारलं. चव त्याचीही गेलेली.

"दुसऱ्याला द्यायचं कोणी उष्टं करतं का?"

"अगं, प्रयोग होता तो. नैवेद्य नव्हे."

प्रत्येक पाण्याची तशीच भरलेली एकेक बाटली तिने घरी ठेवली होती. दुसरी आणि चौथी तिने दोन पातेल्यांत ओतून आटवली. दुसरीच्या तळाशी पांढरा थर बसला. चौथीच्याही. टॉनिक आटून असा थर उरला नसता; हे तेच मीठ.

म्हणजे तिचं म्हणणं खोटं ठरलं होतं का? तेही नाही. कडू पाणी गुलनारबाईंपर्यंत पोचलंच नव्हतं.

तिने मार्गदर्शकांना कळवलं: पुरावा नाही, चूक माझी. मग जग धुऊन नवं टॉनिक ओतलं, बुडबुडे जिरू दिले आणि या खेपेला चमचाभर तोंडात घेतलं.

"कडू?" प्रतीकने विचारलं.

ऋता बराच वेळ घोट जिभेवर घोळवत राहिली.

"ओलं," ती म्हणाली.